लेन्स ‘इंपोर्टेड’ आहे, पण तिचा पृष्ठभाग कसला?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पेशंट फिटनेससाठी आम्हा फिजिशियनकडे येतात. बीपी, शुगर, ईसीजी बघून मी सही करतो आणि तेवढ्यात पिशवीतून दुसरा एक कागद बाहेर येतो. लेन्सचं दरपत्रक. साधी लेन्स, फोल्डेबल इंडियन, फोल्डेबल इंपोर्टेड, प्रीमियम, मल्टिफोकल, आणि प्रत्येकीपुढे किंमत. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत कित्येक पटींचा फरक. “डॉक्टर, यातली कुठली घालू?” मुलगा म्हणत असतो भारीतली घालू, आई म्हणत असते आता या वयात कशाला एवढा खर्च, आणि दोघंही माझ्याकडे बघत असतात.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचं नाव घेऊन सल्ला देत नाही. पण त्या कागदाबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि आज ते मांडतो. तुमचा डोळा त्या लेन्सशी पुढची वीस-तीस वर्षं ज्या गोष्टीच्या आधारे जमवून घेणार आहे, ती गोष्ट त्या कागदावर लिहिलेलीच नसते. ती म्हणजे लेन्सचा पृष्ठभाग. ती कसल्या प्लास्टिकची आहे, तिच्यावर काही लेप आहे का, तिला पाणी धरतं का, पेशी चिकटतात का.

शरीरात कुठलीही परकी वस्तू गेली की काही सेकंदांत रक्तातली किंवा डोळ्यातल्या पाण्यातली प्रथिनं तिच्यावर जाऊन बसतात. मागाहून पेशी येतात, आणि त्या या प्रथिनांच्या थराला चाचपून बघतात. हा थर कसा बसला, त्यावरून ठरतं की पेशी शांतपणे निघून जाणार, तिथे घर करणार, की सूज आणणार. वस्तूच्या आत काय आहे हे त्यांना कधीच कळत नाही. म्हणून आपल्या शरीरात बसणाऱ्या बहुतेक उपकरणांची खरी हुशारी केसापेक्षाही पातळ अशा बाहेरच्या थरात असते.

डोळ्यातल्या लेन्सचा जन्मच मुळी या गोष्टीतून झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं छत पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचं असे. गोळी लागली की त्याच्या ठिकऱ्या पायलटच्या डोळ्यात घुसत. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की या ठिकऱ्या डोळ्यात वर्षानुवर्षं राहिल्या तरी डोळा फारसा चिडत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स एका बाईंच्या डोळ्यात बसवली. त्या प्लास्टिकचं नाव पीएमएमए. त्यांच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या लोकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. आज हे जगात सर्वात जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक आहे.

पण पीएमएमएचीही एक खोड होती. डोळ्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच एक थर असतो. मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. त्या कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसत राहतात, म्हणून कॉर्निया स्वच्छ दिसतो. या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. संख्या ५०० च्या आसपास घसरली की कॉर्निया पाणी धरून धुरकट होऊ लागतो. कोरडी पीएमएमए लेन्स आत सरकवताना या थराला नुसती टेकली तरी पेशी तिला चिकटून उपटून येत. गरम तव्याला घावन चिकटावं तसं. बाकी ऑपरेशन उत्तम आणि कॉर्निया मात्र गेला, असे डोळे त्या काळात झाले.

यावर उपाय शोधण्यात शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवली. लेन्सवर वेगवेगळे निसरडे लेप देऊन पाहिले. शेवटी सगळ्यात उपयोगी पडलं ते लेन्सवर कायमचं काही लावण्याऐवजी ऑपरेशनपुरतं डोळ्यात भरायचं एक जेल. सोडियम हायल्युरोनेट हा आपल्या डोळ्यात आणि सांध्यांत मुळातच असणारा पदार्थ. १९८० च्या सुमारास तो बाजारात आला, सुरुवातीला कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेला. तुमच्या ऑपरेशनच्या बिलात ‘व्हिस्को’ नावाची एक ओळ असते ना, ती याची. ती कापायला जाऊ नका.

त्याच दशकाच्या अखेरीस पीएमएमए लेन्सच्या पृष्ठभागावर हेपॅरिनचे रेणू बांधून ठेवायची पद्धत आली. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारं, हार्ट अटॅकच्या पेशंटला आम्ही इंजेक्शनमधून देतो ते. लेन्सवर ते असलं की सुजेच्या पेशी लेन्सवर कमी चिकटतात. डोळ्यात वारंवार सूज येणाऱ्यांसाठी हे मोलाचं ठरलं. आजही काही लेन्सवर असा लेप असतो. तो प्रत्येकाला लागतो असं अजिबात नाही, पण ज्याच्या डोळ्यात पूर्वी युव्हायटिस होऊन गेला आहे, त्याने ऑपरेशनआधी सर्जनला ते सांगितलंच पाहिजे. फिटनेसच्या फॉर्ममध्ये मी ते स्वतः लिहून देतो, कारण पेशंट विसरतात.

आता येऊ फोल्डेबल लेन्सकडे, कारण दरपत्रकातली खरी गडबड इथे आहे. पीएमएमए कडक असतं, ते आत घालायला सहा मिलिमीटरच्या आसपास जागा करावी लागते. घडी होणारी लेन्स दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत जाते आणि तिथे उलगडते. ती ज्या बारीक नळीतून ढकलतात, त्या नळीला आतून पाणी धरणाऱ्या पॉलिमरचा लेप असतो. सब्जा पाण्यात घातला की त्याच्याभोवती जसं गुळगुळीत आवरण चढतं, तसाच हा लेप ओला झाला की निसरडा होतो. नाहीतर एवढी रुंद लेन्स एवढ्याशा नळीतून ओरखडा न पडता जायचीच नाही.

घडी होणाऱ्या लेन्सचे सध्या दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोन्ही ॲक्रिलिकच. एक हायड्रोफोबिक, म्हणजे पाण्याला फारसं जवळ न करणारं. दुसरं हायड्रोफिलिक, म्हणजे स्पंजसारखं पाणी धरणारं. यात साधारण १८ ते २६ टक्के पाणी असतं. हायड्रोफोबिक म्हटल्यावर डोळ्यासमोर अळूचं पान येतं. लेन्स तितकी कोरडी नसते, पण कल्पना यायला पुरे.

हा फरक नुसता रसायनशास्त्राचा नाही. मोतीबिंदू काढताना त्याची मागची पातळ पिशवी डॉक्टर जपून ठेवतात आणि लेन्स तिच्यात बसवतात. पिशवीच्या कडेला राहिलेल्या काही पेशी पुढे महिन्या-वर्षांनी लेन्सच्या मागे सरकत येतात आणि पुन्हा धूसर दिसू लागतं. लोक म्हणतात ‘लेन्सवर जाळी आली’. खरं म्हणजे जाळी लेन्सवर नसते, मागच्या पिशवीवर असते. हायड्रोफोबिक ॲक्रिलिकचा पृष्ठभाग किंचित चिकट असतो. प्रथिनांच्या मदतीने तो पिशवीला घट्ट चिकटतो आणि पेशींना सरकायला वाट उरत नाही. लेन्सची कड गोल न ठेवता काटकोनी ठेवली की ही वाट आणखी बंद होते. म्हणून अशा लेन्समध्ये जाळी कमी येते. हायड्रोफिलिक लेन्समध्ये तुलनेने जास्त येते, पण ती नळीतून सहज जाते आणि डोळ्याशी गोडीने वागते. हायड्रोफोबिकमध्ये आत पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे चमकताना दिसतात, त्याचा बहुतेकांच्या नजरेवर परिणाम होत नाही. म्हणजे निव्वळ चांगली आणि निव्वळ वाईट अशी वाटणी इथे नाही.

जाळी आली तर यॅग लेसरने पिशवीला मधोमध एक खिडकी पाडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. आता पुढचं नीट वाचा.

माझ्या एका पेशंटना, निवृत्त एसटी ड्रायव्हर, मधुमेह जुना, ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी पुन्हा धूसर दिसू लागलं. ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं होतं. जिथे दाखवलं तिथे जाळी आहे असं सांगून लेसर केला. काहीच फरक नाही. पुन्हा लेसर केला. तरीही नाही. मोठ्या ठिकाणी पाठवल्यावर कळलं की पिशवी तशी बरीच स्वच्छ होती, लेन्सच गढूळ झाली होती. हायड्रोफिलिक लेन्सच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या लगेच खाली कॅल्शियमचे बारीक कण साचतात, भांड्यात जड पाण्याचा पांढरा थर साचतो तसे. त्याला लेसर चालत नाही, लेन्स काढून दुसरी बसवावी लागते. आणि पिशवीला आधीच खिडकी पाडलेली असल्याने नवी लेन्स टेकवायला मागे भिंतच उरली नव्हती. सोपं झालं असतं ते ऑपरेशन अवघड झालं. लेन्स कुठल्या प्रकारची होती हे लिहिलेलं कार्ड घरात असतं, तर पहिल्याच वेळी निदान ही शंका तरी कुणाला आली असती. घरात होतं ते पंचवीस हजारांच्या ‘इंपोर्टेड पॅकेज’चं बिल.

घाबरू नका, असं होणं विरळ आहे. पण ते अगदीच यदृच्छेने होतं असंही नाही. १९९९ नंतर हायड्रोव्ह्यू नावाच्या लेन्समध्ये असं गढूळपण बऱ्याच पेशंटमध्ये दिसलं, तेव्हा शोध घेता घेता बोट गेलं ते लेन्सच्या डबीतल्या सिलिकॉनच्या वॉशरकडे. त्यातून निघालेला सिलिकॉनचा अंश लेन्सच्या पृष्ठभागावर बसत होता आणि पुढे डोळ्यात त्यावर कॅल्शियम जमत होतं. म्हणजे लेन्स चांगली, सर्जन चांगला, आणि दोष झाकणाच्या रबरी चकतीत. पृष्ठभाग किती नाजूक प्रकरण आहे, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि हो, ती कंपनी परदेशीच होती.

दुसरी गोष्ट, आधीच हायड्रोफिलिक लेन्स असलेल्या डोळ्यात पुढे रेटिनाच्या किंवा कॉर्नियाच्या ऑपरेशनसाठी हवा किंवा गॅस भरावा लागला, तर लेन्सवर कॅल्शियम साचण्याचा धोका वाढतो. म्हणून जुना मधुमेह, पडद्याचे आजार, फार मोठा मायनस नंबर किंवा कॉर्नियाचा आजार असलेल्यांनी ‘इंडियन की इंपोर्टेड’ यापेक्षा ‘हायड्रोफिलिक की हायड्रोफोबिक’ हा प्रश्न विचारायला हवा. तसंच सिलिकॉनच्या लेन्सचं. त्या आता फार वापरल्या जात नाहीत, पण रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन ऑइल भरावं लागलं तर ते या लेन्सला असं चिकटतं की पुसता पुसत नाही.

काही माहितीपत्रकांत ‘हायड्रोफोबिक सरफेस’ अशी शब्दरचना दिसते. जरा थांबून वाचा. आत लेन्स हायड्रोफिलिक असते आणि फक्त वरचा पृष्ठभाग पाणी कमी धरणारा केलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण ती पूर्ण हायड्रोफोबिक लेन्स नव्हे, आणि अशा लेन्सही गढूळ झालेल्या आहेत. एका युरोपीय कंपनीने २०१७ मध्ये अशा काही लेन्स बाजारातून परत मागवल्या होत्या. सोन्याचा मुलामा आणि सोनं यातला फरक आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सांगावा लागत नाही. लेन्सच्या बाबतीत मात्र आपण विचारतही नाही.

हीच गोष्ट हृदयाच्या स्टेंटची. औषधी स्टेंटवर पॉलिमरचा लेप असतो आणि त्या लेपात औषध मुरवलेलं असतं. औषध काही आठवड्यांत-महिन्यांत संपतं. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या पिढीच्या स्टेंटमध्ये औषध संपल्यावरही लेप तिथेच राहायचा, काहींच्या रक्तवाहिनीला तो सोसायचा नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी अचानक गुठळी व्हायची. २००६ मध्ये यावरून जगभर चर्चा झाली. मग लेप पातळ झाले, शरीराला अधिक सोसणारे झाले, काही विरघळणारेही आले. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, असं आम्ही कानीकपाळी ओरडत असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी लाखाच्या घरात विकले जाणारे स्टेंट त्या दिवसापासून या किमतीत बसवले जाऊ लागले. स्टेंट तेच, लेप तोच. किमतीवरून दर्जा ओळखायची सवय किती भरवशाची, ते यावरून ठरवा.

अँजिओग्राफीच्या तारा-नळ्यांवरही तसाच निसरडा लेप असतो. त्याचे तुकडे सुटून रक्तात जाऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१५ मध्ये दिला होता. एकदाच वापरायची म्हणून बनवलेली नळी धुऊन पुन्हा वापरू नये, असं मी म्हणतो ते केवळ जंतूंच्या भीतीने नाही. लेप धुण्यासाठी बनवलेला नसतो.

माझ्या नेत्रतज्ज्ञ मित्रांना हे बोललो की ते म्हणतात, “अरे, सकाळच्या ओपीडीत पन्नास पेशंट, प्रत्येकाला पॉलिमर समजावत बसू का? शिवाय लेन्स निवडायचं काम आमचं.” दुसरा मुद्दा मला मान्य आहे. लेन्स सर्जननेच निवडावी, तुमचा डोळा त्याने पाहिलेला असतो. पहिला मान्य नाही. कारण दरपत्रक तयार करून ‘तुम्ही निवडा’ म्हणून पेशंटच्या हातात देणारेही तेच आहेत. निवड जर पेशंटच्या हातात द्यायची, तर निवडायला उपयोगी पडेल ते त्या कागदावर लिहा. ‘इंपोर्टेड’ हा शब्द काढून तिथे लेन्सचं मटेरियल आणि मॉडेल लिहायला शाई जास्त लागत नाही. मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली, आणि तिथल्या लेन्स आज शंभराहून अधिक देशांत जातात. तिथल्या पेशंटच्या दृष्टीने आपली लेन्स इंपोर्टेडच की!

मल्टिफोकलचे जास्तीचे पैसे हे चष्मा कमी लागावा म्हणून केलेल्या रचनेचे असतात. ज्यांना त्याचा उपयोग आहे त्यांनी जरूर घ्यावी, फक्त ते पैसे लेन्स ‘जास्त टिकते’ म्हणून देऊ नयेत. आणि शिबिरात साधी पीएमएमए लेन्स बसली असेल तर फसवलं गेल्यासारखं वाटून घेऊ नका. छेद थोडा मोठा, चष्म्याचा नंबर थोडा जास्त राहू शकतो. पण सत्तरहून अधिक वर्षांचा अनुभव या प्लास्टिकच्या मागे आहे, आणि त्याच्यात पाणी मुरत नसल्याने कॅल्शियमचा हा त्रास त्याला होत नाही.

तर ऑपरेशनआधी सर्जनला एवढं विचारा: लेन्स कोणत्या मटेरियलची आहे आणि माझ्या डोळ्यासाठी तीच का. मला पुढे रेटिनाचं किंवा कॉर्नियाचं ऑपरेशन लागण्याची शक्यता आहे का. चांगला सर्जन या प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तर देतो आणि त्याला राग येत नाही. राग आला तर तेही एक उत्तर समजा. ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा स्टिकर चिकटवून मागा. लेन्सच्या प्रत्येक डबीत असे स्टिकर येतात, त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, सीरियल किंवा बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. एक हॉस्पिटलच्या केसपेपरवर लागतो, एक तुमचा. त्याचा मोबाईलवर फोटो काढून मुलाला, सुनेला पाठवून ठेवा. स्टेंटचं, गुडघ्याच्या सांध्याचं, पेसमेकरचंही हेच.

बसवलेल्या उपकरणामुळे त्रास झाला असं वाटलं, तर त्याची नोंद करायची व्यवस्था आपल्याकडे २०१५ पासून आहे. तिचं नाव मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, आणि ती गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते. डॉक्टर नोंद करू शकतात तशी पेशंटही करू शकतात. पण फॉर्ममध्ये मॉडेल आणि बॅच क्रमांक विचारतात, आणि तिथे पुन्हा तोच स्टिकर लागतो.

ज्यांचं ऑपरेशन आधीच झालं आहे आणि कार्ड कुठेतरी गहाळ झालं आहे, त्यांनी छान दिसत असेल तर काहीही करायची गरज नाही. नुसती चिंता म्हणून लेन्स बदलायला जाऊ नका. पुन्हा धूसर दिसू लागलंच, तर लेसरला हो म्हणण्याआधी एकच विचारा, “डॉक्टर, गढूळ मागची पिशवी आहे की लेन्सच?” बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली पाहिलं की अनुभवी नेत्रतज्ज्ञाला ते बहुतेक वेळा कळतं. आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करून केसपेपर शोधायला सांगा. पाच-सात वर्षांपूर्वीचे बऱ्याचदा सापडतात.